सोळावा रुपया

"डोळे मिटा बाई," त्र्यंबकशेठ म्हणाले. "डोळ्यांना रुपया कळत नाही. डोळे त्याच्यावरच्या राणीकडंच बघत बसतात."

मी मिटले. विक्रीकर निरीक्षकाने तपासणीला जावं आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याच्याच गादीवर डोळे मिटून बसावं, हे आमच्या खात्याच्या कुठल्याच पुस्तकात बसत नव्हतं. पण चैत्र संपत आला होता, दुपारचा एक वाजून गेला होता, दाराला वाळ्याचा पडदा होता आणि त्यावर शेठनी नुकतंच तांब्याभर पाणी मारलं होतं. मला नोकरीला लागून उणेपुरे पाच महिने झाले होते. त्या ओल्या वासात मला कुणी काहीही करायला सांगितलं असतं तरी मी केलं असतं.

"हं. आता एक वीत वरून सोडा."

मी चाचपडत रुपया सोडला. खाली तळहाताएवढा काळा दगड होता. खण्ण करून आवाज आला आणि बराच वेळ हलत राहिला.

"हे नाणं," शेठ म्हणाले. "आता हा दुसरा सोडा."

मी सोडला. मला तोच आवाज आला.

"हा दागिना."

मी डोळे उघडले. दोन्ही रुपये सारखेच होते. दोन्हींवर तीच राणी, तोच मुकुट, तेच झिजलेलं नाक. पाठीमागे आमचा शिपाई इस्माईल भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "बाई, मला तर दोन्ही रुपये रुपयेच ऐकू आले." आणि त्यानं मान छातीवर टाकून झोप पुरी करायला घेतली.

हे सगळं एकोणऐंशी सालातलं, माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावातलं. त्या काळी आमच्याकडं जुनं चांदीचं नाणं नाणं म्हणूनच विकलं, तर त्यावर विक्रीकर माफ होता. चांदीच्या दागिन्यावर मात्र होता. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या भागातल्या बायका राणीछाप रुपयाला डाख देऊन कडी झाळून घेत आणि माळेत ओवून गळ्यात घालत. म्हणजे नाण्याचा दागिना झाला. पुढं अडचण आली की तोच रुपया सराफाकडं येई, सराफ कडी कापून, कड घासून, चिंचेनं उजळून ठेवी. मग तो परत नाणं झाला, की दागिनाच राहिला?

आमच्या साहेबांना असले प्रश्न पडत नसत. "एकदा दागिना तो कायमचा दागिना," ते म्हणाले होते. त्र्यंबकशेठ पोतदार दागिने नाणी म्हणून विकतात आणि कर चुकवतात, असा बिननावाचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला होता. "पेटीत तीनशे रुपये आहेत. शंभरात पाच आपण सोडून देऊ. पंधरापर्यंत ठीक. सोळावा निघाला की त्यांची माफी रद्द. पेटी जप्त करायची आणि मागच्या सहा वर्षांचा कर दंडासकट लावायचा."

"पण साहेब, कड घासलेली असली तर ओळखायचं कसं?"

"त्यांनाच विचारा."

"ज्याच्यावर अर्ज आहे त्यालाच?"

साहेब हसले. "पोतदार आहेत ते. तुम्ही जा तर खरं."

हसण्यासारखं काय होतं ते मला गावात आल्यावर कळलं. शेठचे आजोबा संस्थानचे पोतदार, म्हणजे खजिन्यात आलेला रुपया वाजवून घ्यायच्या कामावर होते. नोकरी गेली, संस्थान गेलं, पण कान घराण्यात राहिला. गुरुवारच्या बाजारात बैलाच्या व्यवहारापासून मानपानाच्या ओटीपर्यंत कुठंही चांदीच्या रुपयावरून तंटा झाला, की दोन्ही बाजू या गादीसमोर येत. शेठ वाजवत, एक शब्द बोलत आणि तंटा तिथंच मिटे. शेठनी वाजवला असं म्हटलं की पुढं कुणी तोंड उघडत नसे. सत्तरीच्या माणसाकडं एवढीच काय ती इस्टेट होती.

मी नवी होते, त्यामुळे नियमाला धरून आधी सगळं त्यांना वाचून दाखवलं. तीनशे, शंभरात पाच, पंधरापर्यंत माफ.

"पंधरा," ते म्हणाले. तेवढंच. मग उठले आणि पडद्यावर पाणी मारून आले.

"रुपये तुम्हीच टाका," परत बसता बसता त्यांनी सांगितलं. "माझ्या हाताला लबाडी जमते. कसा सोडला की कसा वाजतो, हे त्याला ठाऊक आहे. कानाला मात्र जमत नाही."

आम्ही सुरू केलं. मी रुपया सोडायचा, शेठनी बोलायचं, मी कागदावर रेघ ओढायची. नाणं. नाणं. नाणं. लांब कुठं तरी पिठाच्या गिरणीचं पुक पुक चालू होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वाळ्यातून येणारा उजेड पाण्याखालचा असावा तसा हिरवा आणि हलता होता. त्यात शेठचा पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा आणि मिटलेले डोळे तेवढे दिसत होते. पंचवीस-तीस रुपयांनंतर मला आपण काम करतोय असं वाटेनासं झालं. खण्ण, खण्ण, आणि प्रत्येक आवाज विरायच्या आधी पुढचा.

"दागिना," शेठ म्हणाले. आणि मग, मला सांगितल्यासारखं नाही, असंच, "ताराक्काचा."

"काय म्हणालात?"

"ताराक्का लोहारणीचा. दुष्काळात आली होती. आठ रुपये होते माळेत. सात घेऊन गेली परत. हा राहिलाय."

मी पेन्सिल खाली ठेवली. "शेठ, तुम्हाला आवाजावरून कुणाचा तेही कळतं?"

"कडी प्रत्येकीची वेगळी असते ना. कुणाची जाड, कुणाची पातळ. जाळ कुठं जास्त लागला, कुठं कमी. कडी गेली तरी रुपया ते विसरत नाही. बद्द वाजतो, पण प्रत्येक आपापल्या परीनं बद्द वाजतो."

त्या दुपारी रुपये टाकता टाकता त्यांची रीत मला तुकड्या-तुकड्यांनी कळली. बाई माळ विकायला आली की शेठ तिच्यासमोर रुपयाची कडी कापत आणि ती कडी तिच्याच हातावर ठेवत. माळ विकली असं होऊ नये म्हणून. कडी तिच्याकडं म्हणजे दागिना तिच्याकडं. रुपया नुसता त्यांच्याकडं राहायला आलेला. ते तो आटवत नसत आणि दुसऱ्या कुणाला विकतही नसत. दिवाळीत गिऱ्हाइकाला रुपया देण्याआधी वाजवून घेत आणि बद्द लागला की परत पेटीत टाकत. बाईचे दिवस फिरले की ती कडी घेऊन येई. घेतलेल्या किमतीलाच शेठ तो तिला नाणं म्हणून परत विकत, पावती फाडून, रीतसर.

"पण चांदी तर किती वर गेली," मी म्हटलं.

"चांदी गेली वर. ताराक्काचा रुपया कुठं गेलाय? तो इथंच आहे."

"मग हे वेगळ्या डब्यात का नाही ठेवत? आज केवढा ताप वाचला असता."

"वेगळा डबा दिसला की घरातली माणसं विचारतात, हे कुणाचे?" ते म्हणाले. "कित्येकींच्या सासूला माहीत नाही. एकीच्या नवऱ्याला माहीत नाही, तो समजतोय माळ माहेरी ठेवलीय. गर्दीत असले की कुणाला सापडत नाहीत."

"तुमच्याशिवाय."

"माझ्याशिवाय," ते म्हणाले, आणि जरा हसले.

ही पेटी जप्त झाली असती तर पुढं काय होणार, हे मला पाच महिन्यांच्या नोकरीतही माहीत होतं. जप्त चांदी लिलावात जाते आणि लिलावातून सरळ गलाईवाल्याच्या मुशीत. तिथं ताराक्काचा आणि कुणाचा असं काही उरत नाही, एक वीट उरते. मी त्या रुपयांची बाजू घेऊ लागले होते. ज्या कामासाठी सरकार मला पगार देत होतं, त्याच्या हे बरोबर उलट होतं.

नाणं. नाणं. दागिना, गजराबाईचा, तिनं कडी घेतली तेव्हा ती हसत होती, का ते मला कधी कळलं नाही. नाणं. नाणं. दागिना, हमीदाबीचा, तिच्या मुलाला परदेशी नोकरी लागलीय, आता येईल ती. दागिना, चंद्राक्काचा, ती वारली, पण सून येईल, सुनेला कडी दिलीय तिनं. त्या बायका एकेक करून त्या हिरव्या उजेडात येऊन बसत होत्या असं मला वाटत होतं. मला त्यांच्या नाकातल्या चमक्या दिसत होत्या. इस्माईल घोरत होता. आणि कधी ते माहीत नाही, पण शंभराच्या पुढं केव्हा तरी मला ऐकू यायला लागलं. रुपया दगडावर पडायचा आणि शेठनी शब्द उच्चारायच्या आधीच माझ्या आत कुणी तरी तो उच्चारलेला असायचा. इतका आनंद मला परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

दोनशे सत्तराव्या रुपयाला पंधरा दागिने झाले.

मी ते मोठ्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. शेठनी डोळे न उघडता विचारलं, "किती राहिले?"

"तीस."

"हौसाबाईचा अजून आला नाही," ते म्हणाले.

"कोण हौसाबाई?"

"वीटभट्टीवर असते. अक्षय तृतीयेला लेकीचं लग्न आहे. लेकीच्या गळ्यात एक रुपया घालायचा म्हणून दोन वर्षं पैसे साठवलेत तिनं. परवा येऊन सांगून गेली, येते म्हणून."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मी पंधरा म्हटलं तेव्हाच त्यांनी मनात मोजले असणार. पेटीत सोळा आहेत हे माहीत असूनही या माणसानं मला शिकवत बसावं, डोळे मिटायला सांगावं, एकेक नाव घेत पंधरापर्यंत यावं! ताराक्का, गजराबाई, कुणालाही ते नाणं म्हणून टाकू शकले असते, मला तेव्हा कुठं कळत होतं? मला त्यांचा राग आला. असा सरळ माणूस समोर बसला की आपली फार पंचाईत होते.

मी पुढचे रुपये सावकाश सोडू लागले. उगाचच. सावकाश सोडल्यानं आत असलेला रुपया काही नाहीसा होणार नव्हता. नाणं. नाणं. प्रत्येक वेळी सुटल्यासारखं वाटायचं आणि पुढचा उचलताना बोटं ओलावायची. शेठच्या कपाळावर घाम होता. पडदा केव्हाच सुकला होता, पण ते उठले नाहीत.

दोनशे अठ्ठ्याण्णवावा मी डोळे मिटून सोडला.

बद्द.

पातळ कडीचा असावा. फार थोडा बद्द, पण बद्दच. मला तो इतका स्वच्छ ऐकू आला की मी पेन्सिल दागिन्यांच्या बाजूला नेलीसुद्धा.

शेठ गप्प होते. गिरणीही गप्प होती, केव्हा थांबली कुणास ठाऊक. मग ते म्हणाले, "नाणं."

मी डोळे उघडले. त्यांचेही उघडे होते. ते सरळ माझ्याकडं बघत होते आणि त्यांनी आपला तळहात त्या रुपयावर ठेवला होता.

"ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय ऐकलंत?"

मी हौसाबाईला कधी पाहिलं नव्हतं. तिची लेक कशी असेल तेही मला माहीत नव्हतं. पण मला ती लेक दिसली, हळदीची, मान खाली घातलेली.

"नाणं," मी म्हटलं.

शेठनी हात उचलला नाही. चांगला पाच-सहा श्वासांएवढा वेळ तो तिथंच होता. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, धीर आला की उचलेल. मग त्यांनी तो रुपया नाण्यांच्या ढिगात सारला आणि मी पुढचा टाकला. उरलेली दोन्ही नाणीच होती, खणखणीत.

दोनशे पंच्याऐंशी नाणी, पंधरा दागिने. मी अहवाल लिहिला, शेठनी सही केली, इस्माईलला हलवून उठवलं आणि साक्षीदार म्हणून त्याचीही सही घेतली. करमाफी कायम राहिली. साहेब अहवाल वाचून म्हणाले, "पंधरा? बरोबर पंधरा?" मी हो म्हटलं. ते पुन्हा काही बोलले नाहीत, कारण खाली त्र्यंबकशेठची सही होती.

त्या संध्याकाळी मी खोलीवर चालत गेले असं म्हणता येणार नाही. मी तरंगत गेले. नोकरीला सहा महिनेही पुरे झाले नव्हते, आणि मी कायद्याच्या दाढेतून एका बाईचा रुपया सोडवून आणला होता. कुणाला सांगता येत नव्हतं एवढीच खंत होती. रस्त्यातले गाडे, फुलवाल्याची टोपली, सायकलच्या घंट्या, सगळ्यांचा आवाज मला वेगवेगळा ऐकू येत होता. आपल्याला असा कान मिळाला आणि असं मनही आहे, याचं मला भारी कौतुक वाटलं. आता आठवलं की लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं.

आठवड्यानं, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, मी दुकानाकडं गेले. काम काही नव्हतं. खरं सांगायचं तर मला कुणी तरी शाबास म्हणायला हवं होतं आणि ते म्हणू शकेल असा जगात एकच माणूस होता.

हौसाबाई तिथंच होती. मला वाटली होती त्यापेक्षा बरीच ठेंगणी आणि बरीच बोलकी. शेठनी तिच्या रुपयाला कडी झाळून दिली होती आणि ती तो पदरानं पुसत होती.

"एकदा वाजवून द्या की वो शेठ," ती म्हणाली. "माझाच हाय न्हवं?"

"तुझाच आहे."

"तरी बी वाजवा. तुमी वाजवल्यावर कसं, मन निवांत होतं."

"मी आता वाजवत नाही हौसाबाई."

"आता गं बया! का वो?"

"कान गेला माझा."

ती चुकचुकली. वय झालं म्हणाली, लसूण घालून तेल सोडा म्हणाली, लेकीच्या लग्नाला यायचंच म्हणाली, मलासुद्धा, ओळख ना पाळख. आणि रुपया मुठीत धरून गेली. ती उतरते तोच दोन माणसं वर आली. बैलाच्या इसारात आलेल्या एका चांदीच्या रुपयावरून त्यांचं वाजलं होतं. शेठनी त्यांना सांगितलं, कान गेलाय, जिल्ह्याला जा, तिथं कुणी तरी असेल. ती माणसं तिथंच उभी राहिली. त्यातला एक म्हणाला, "मंग आमी कुणावर इस्वास ठेवायचा, शेठ?" ती दोघं हळूहळू पायऱ्या उतरून गेली. बाहेर जाऊन पुन्हा भांडू लागली.

मी बसले. "शेठ, कान कसा गेला? त्या दिवशी तर..."

"त्या दिवशी मी थांबलो होतो बाई," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"तुम्ही बोलाल म्हणून. शंभर रुपयांनंतर तुम्हाला कळायला लागलं होतं. बद्द वाजला की तुमचा श्वास माझ्या आधी अडायचा. तो रुपया पडला तेव्हाही अडला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "मी नाणं म्हटलं आणि वाट बघितली. तुम्ही नुसतं, 'शेठ, परत ऐका' म्हटला असतात, तर मी ऐकलं असतं. दागिना म्हणून मोकळा झालो असतो. पेटी गेली असती आणि कान राहिला असता."

"मग तुम्ही स्वतःच का नाही..."

"तेच तर. मला निवडता येईना. सत्तर वर्षांत पहिल्यांदा निवडता येईना. म्हणून तुमच्यावर टाकलं." त्यांनी समोरची गादी हातानं सारखी केली. "पोर आहे, सरकारची आहे, खरं बोलेल असं वाटलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "मला वाटलं मी तुमच्यावर दया करतेय."

"केलीत की," ते म्हणाले. "कुणाला वाईट म्हणतोय मी?"

बाहेर त्या दोघांचं भांडण वाढत होतं. एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द तीन हातांवर बसलेला होता. मी विचारलं, "शेठ, आत्ता जाऊन मी साहेबांना सांगितलं तर? सोळा होते म्हणून?"

"सांगा."

"तुमचा कान परत येईल?"

"येईल," ते म्हणाले. "पण सोळावा रुपया आता हौसाबाईच्या लेकीच्या गळ्यात जाणार आहे. तिथून तो कोण काढून आणणार, तुम्ही की मी?"

साहेबांना मी कधी सांगितलं नाही. मी आणखी एकतीस वर्षं नोकरी केली आणि तो प्रश्न अजून माझ्याजवळ तसाच आहे. शेठ उठले, आत जाऊन दोघांसाठी चहा सांगून आले.